उशिरा वर गेलेला हात

बत्तीवाल्या सरांच्या तासाचे नियम ठरलेले होते. जो पहिला वर्गात येईल त्याने सगळ्या बत्त्या लावायच्या, मग बाहेर कितीही लख्ख ऊन असो. पडद्यावर चित्रं दाखवायची असली तरी अंधार करायचा नाही. प्रश्न असेल तर आधी फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात येऊन तो लिहायचा. सर स्वतः फळ्यावर लिहिताना बोलत नसत आणि बोलताना वर्गाकडे पाठ करत नसत. स्थापत्य अभियांत्रिकीच्या त्या महाविद्यालयात सर्वेक्षण, म्हणजे जमिनीची मोजणी, शिकवणारा हा माणूस शिस्तीचा मोठा कडक, असं सगळे म्हणत.

शिस्त कसली डोंबलाची! सरांना ऐकू येत नव्हतं.

हे एकदम झालं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी आधी पाखरं गेली, मग दाराची घंटा, मग फोनवरची माणसं. आता समोरच्याचं तोंड उजेडात असेल आणि तो मिशीवाला नसेल, तर ओठांवरून बरंचसं कळे. बाकीचं सर अंदाजाने भरून काढत. कानात घालायचं यंत्र त्यांनी आणलं होतं, पण वर्गात ते घातलं की मुलांपेक्षा बाकांचाच आवाज जास्त यायचा. शिवाय ते दिसायचं. म्हणून ते मोज्यांच्या खणात पडून होतं.

मैदानावर मात्र सर राजे होते. मोजणीचं काम मुळी लांबून चालतं. यंत्रापाशी एक माणूस, दोनशे मीटरवर लाल-पांढरा दांडा धरून दुसरा. ओरडून उपयोग नाही, म्हणून हातांच्या खुणा. उजवा हात बाजूला जोरात फिरवला की बरंच सरक, सावकाश फिरवला की जरासं सरक, दोन्ही हात डोक्यावर नेऊन खाली आणले की बरोबर, थांब. तिथे चांगल्या कानांची माणसंही सरांच्याच पंगतीला येऊन बसत. म्हणून सर वर्गापेक्षा मैदानावरचे तास जास्त घेत आणि उन्हाने काळे पडत.

हे सगळं एकटी बायको जाणून होती. तिचं आयुष्य एका रुग्णालयाच्या टेलिफोनवर गेलं होतं. दिवसभर लोकांचं ऐकून घरी यायचं आणि घरी आलं की नवऱ्याचंही तिनेच ऐकायचं. त्यांचे फोन ती घेई, लग्नाकार्यात कोण काय म्हणालं ते त्यांच्याकडे तोंड करून हळूच पुन्हा सांगे.

"तुमचे कान म्हणून मी ही दुसरी नोकरी करते आहे," ती म्हणे. "पहिलीतून तरी निवृत्त केलं त्यांनी."

मग सांगून का टाकत नव्हते सर? त्याला कारण होतं आणि ते तळघरात बसत असे.

मातीसर आणि बत्तीवाले सर बावीस वर्षं एकाच खोलीत समोरासमोर बसले होते. मातीसर मृदाशास्त्र शिकवत. चिमूटभर माती ओली करून दोन बोटांत चोळली की ती कुठल्या जातीची हे ते सांगत, आणि शंका आली तर दाताखाली धरून बघत. नव्या मुलींना किळस यायची, चार महिन्यांनी त्याही बिनदिक्कत चाखायच्या. मातीसरांचे डोळे हळूहळू अधू झाले. लिहिलेलं वाचायला भिंग लागायचं, चेहरे धूसर दिसायचे. बोटांना आणि दातांना काही झालं नव्हतं. त्यांनी ते लपवलं नाही. सरळ विभागप्रमुखांकडे जाऊन म्हणाले, "पेपर वाचून दाखवायला माणूस द्या, बाकी मी शिकवतो."

तीन वर्षांपूर्वी विभागाची बैठक झाली. बैठका बत्तीवाल्या सरांना जीव नकोसा करत. प्रमुख खिडकीकडे पाठ करून बसत, त्यामुळे त्यांचं तोंड काळोखात. त्यात त्यांच्या मिशा अशा की वरचा ओठ कुणी पाहिलेलाच नव्हता. बाकीचे चहाच्या पेल्याआडून बोलत. सरांनी स्वतःची एक युक्ती बसवली होती. सगळे हसले की हसायचं, सगळे गंभीर झाले की वहीत काहीतरी लिहायचं, आणि हात वर झाले की आपलाही करायचा. त्या दिवशी मातीसरही दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. हात वर झाले. सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आपलाही केला.

दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर कागद लागला. दृष्टिदोष लक्षात घेता मातीसरांना अध्यापनातून आणि प्रयोगशाळेतून मोकळं करून तळघरातल्या कोऱ्या उत्तरपत्रिकांच्या भांडाराचं काम देण्यात येत आहे, ठराव एकमताने मंजूर.

एकमताने. सरांनी तो शब्द चार वेळा वाचला. त्यांच्या पायांखालची जमीन सरकली, आणि जमीन तर त्यांच्याच विषयात होती. त्याच दिवशी जाऊन सांगायचं होतं की अरे, मला कळलंच नाही कशावर मत चाललंय. पण ते सांगायचं म्हणजे बाकीचंही सांगायचं. ते सांगितलं की तळघरात दुसरी खुर्ची टाकायला किती वेळ लागणार होता? सर गेले नाहीत. आज नाही तर उद्या जाऊ, असं करता करता तीन वर्षं गेली. तळघराच्या जिन्यावरून जावं लागू नये म्हणून ते इमारतीला वळसा घालून वर्गात जात. लाज वाटायची, आणि ती लपवता लपवता माणूस उगाच घाईत असल्यासारखा चालायला लागला होता.

अशात तिसऱ्या वर्षाच्या वर्गात दुर्बीण आली.

हे नाव तिने स्वतःच स्वतःला ठेवलं होतं. जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून पहिल्या बाकावर बसून सगळं टक लावून बघायची. बोलायची ती एकसुरी आणि जरा मोठ्याने, पण काय म्हणायचंय ते अगदी नेमकं. तिच्याबद्दल दिव्यांगांसाठीच्या सुविधा कक्षाचं पत्र सरांना आलं: विद्यार्थिनीला ओठ दिसतील असं उभं राहावं, प्रश्न लेखी असावेत, वर्गात पुरेसा उजेड असावा. सरांनी पत्र वाचलं आणि घाम पुसला. हे तर त्यांचंच वर्णन होतं.

वर्ष निर्विघ्न पार पडलं. वर्षाअखेरीस कक्षाने तिला विचारलं, कुठल्या तासाला काय कमी पडलं? दुर्बिणीने दोन पानं भरून तक्रारी लिहिल्या. सर्वेक्षणापुढे मात्र एकच ओळ होती: इथे मला वेगळं काही मागावंच लागलं नाही.

झालं! कक्षाच्या बाई ती ओळ घेऊन नाचतच आल्या. बाई उत्साही, भराभर बोलणाऱ्या आणि बोलताना मान हलवणाऱ्या, म्हणजे सरांच्या दृष्टीने संकटच. शेवटी त्यांनी कागद पुढे केला तेव्हा उलगडा झाला. पुढच्या बुधवारी सगळ्या शिक्षकांपुढे सरांचं व्याख्यान, 'सर्वांना सामावणारा वर्ग'. पाऊण तास भाषण आणि पंधरा मिनिटं प्रश्नोत्तरं.

पंधरा मिनिटं प्रश्नोत्तरं, तीही तीनशे माणसांच्या सभागृहात.

"मी आजारी पडतो," घरी आल्यावर ते म्हणाले.

"पडा. फोन मीच करायचा ना पण? तुम्हाला ताप आलाय म्हणून?" बायकोने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि त्यांच्या समोर येऊन बसली, तोंड नीट दिव्याकडे करून. "या वेळी नाही करणार. मी येणार आहे ऐकायला."

"तू पुढे बस. मला खुणा कर."

"मी मागे बसणार. आणि खुणाबिणा काही करणार नाही. अहो, दमले मी. तुमच्यावर रागावून नाही म्हणत. खरंच दमले."

सरांनी मान खाली घातली. हे वाक्य त्यांना यंत्राशिवाय पुरतं कळलं होतं.

बुधवारी सभागृह भरलं. शिक्षकांच्या मागे सरांचे विद्यार्थीही येऊन बसले. दुर्बिणीने तिथेही आपला हक्क सोडला नव्हता. मला व्याख्यान कळायला हवं, असं लिहून देऊन तिने कक्षाकडून टंकलेखिका मागून घेतली होती. कोपऱ्यात बसलेली ती बाई बोललेला शब्द न् शब्द टाइप करणार आणि व्यासपीठामागच्या पडद्यावर तो उमटणार. सगळ्यांना दिसेल असा पडदा, एका सरांना सोडून. त्यांची त्याच्याकडे पाठ होती.

पडदा नीट दिसावा म्हणून शिपायाने बत्त्या मालवल्या. तसे सरांचे विद्यार्थी सवयीने उठून ओरडले. काय ओरडले ते सरांना ऐकू आलं नाही, पण बत्त्या लागल्या आणि वर्गाची तोंडं अजून "बत्ती!" म्हणत होती. सगळे हसले. सरही हसले, आणि आज का हसायचं ते त्यांना ठाऊक होतं.

भाषण उत्तम झालं. बोलायला काय, बोलायचं त्यांना कधीच जड नव्हतं. मग पाचव्या रांगेत एक प्राध्यापक उठले, माईक अगदी तोंडाला लावून. ओठ गडप. सरांनी अंदाज बांधला. शिक्षक दुसरं काय विचारणार? एवढं सगळं लिहीत बसल्यावर शिकवून कधी होतं, हेच.

"होय, होय," सर म्हणाले. "अभ्यासक्रम वेळेत पुरा होतो. उलट दोन तास उरतात."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कुणीतरी पुढे वाकून शेजाऱ्याला काही म्हणालं. अंदाज साफ चुकला होता, एवढं कळायला कान लागत नाहीत.

तेवढ्यात पहिल्या रांगेत दुर्बीण उभी राहिली. तिने उजवा हात लांब केला आणि बाजूला जोरात फिरवला.

बरंच सरक.

सरांनी विचार केला नाही. तीस वर्षांची सवय, पाय आपोआप तिच्या हाताच्या दिशेने निघाले. दोन पावलं, चार पावलं. तिचा हात सावकाश फिरू लागला, जरासं सरक. मग दोन्ही हात डोक्यावर आणि खाली. बरोबर, थांब. आणि तिने बोटाने त्यांच्या मागे दाखवलं.

सर वळले. या जागेवरून पडदा नीट समोर येत होता. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बोलता बोलता श्रोत्यांकडे पाठ केली. पडद्यावर लिहिलेलं होतं:

सर, ही पद्धत तुम्हाला सुचली कशी?

आणि त्याखाली त्यांचंच उत्तर: होय, होय. अभ्यासक्रम वेळेत पुरा होतो. उलट दोन तास उरतात.

सरांना इतकी लाज वाटली की हसू आलं. अजून सावरून घेता आलं असतं. विद्यार्थ्यांच्या हिताचा विचार करून वगैरे एक गुळगुळीत वाक्य जिभेवर तयारही होतं. पण समोर पडदा होता, आणि आपण जे बोलू ते तिथे काळ्यावर पांढरं उमटणार होतं. आधीच एक खोटं तिथे बसून त्यांच्याकडे बघत होतं, त्याच्या डोक्यावर दुसरं ठेवायचा त्यांना कंटाळा आला. बारा वर्षांचा कंटाळा.

"सुचली नाही," ते पडद्याकडे बघतच म्हणाले. "मला ऐकू येत नाही. बारा वर्षं झाली. तुम्ही ज्याला पद्धत म्हणता ती माझी लपायची जागा आहे."

अक्षरं उमटली. त्यांनी ती वाचली आणि पुढचं आपसूक आलं.

"तीन वर्षांपूर्वी विभागाच्या बैठकीत मी हात वर केला. कशासाठी ते ऐकलं नव्हतं. त्या हाताने माझा मित्र तळघरात गेला. त्याने आपला दोष सांगितला म्हणून तो गेला आणि मी लपवला म्हणून इथे भाषण करतोय. ह्यात कुठे काही सामावलेलं असेल तर मला दाखवा."

मागे काय चाललंय हे त्यांना कळेना. लोक ओरडत असतील, उठून जात असतील, काहीही असेल. वळायचा धीर होईना. मग पडद्यावर टंकलेखिकेने इमानदारीत लिहिलं: (शांतता.)

थोड्या वेळाने: (मागच्या रांगेत कुणीतरी जोरात नाक शिंकरलं.)

ती कोण ते सरांना सांगायला नको होतं. बायको रडली की असंच नाक शिंकरायची, आणि तो आवाज त्यांनी बारा वर्षांत ऐकला नव्हता. डोळे भरून आले तरी त्यांना एकदम हलकं वाटलं.

मग पडद्यावर कक्षाच्या बाईंचं बोलणं धावायला लागलं, त्यांच्या नेहमीच्या वेगाने. सर, नियम शिक्षकांनाही लागू आहेत. नोकरी जात नाही. उलट हे टंकलेखन, चांगलं यंत्र, बैठकीचे मुद्दे आधी लेखी, सगळं मिळतं. तुम्ही अर्जच केला नाहीत. अर्ज एका पानाचा आहे.

सरांचा जीव भांड्यात पडला. मग स्वतःचाच राग आला. बारा वर्षांची धाकधूक आणि एका पानाचा अर्ज! शेवटची ओळ प्राचार्यांची होती, आखडती पण स्पष्ट: तो ठराव पुन्हा बैठकीपुढे येईल.

बाहेर दुर्बीण भेटली. सरांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात," ती आपल्या मोठ्या आवाजात म्हणाली. आजूबाजूचे वळून बघायला लागले, तिला त्याचं काही नव्हतं. "मी तुमच्या ओठांकडे बघत होते आणि तुम्ही माझ्या."

"मग बोलली नाहीस?"

"मी कोण सांगणारी? तुमचं तुम्ही सांगायचं, सर."

सरांनी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि खाली आणले.

मग ते इमारतीला वळसा न घालता तळघराचा जिना उतरले. भांडारात गठ्ठ्यांच्या भिंती होत्या, प्रत्येक गठ्ठ्यावर जाड शाईने हातभर आकडे. टेबलावर मातीच्या डब्यांची ओळ. मातीसर एका डब्यात बोटं घालून बसले होते. त्यांनी मान वर केली आणि काहीतरी म्हटलं. अंधुक उजेडात सरांना ते कळलं नाही.

"मला दिसत नाहीयेत तुझे ओठ," सर दारातूनच म्हणाले. "आणि ऐकू तर येतच नाही." एकदा सांगून झालं होतं, आता दुसऱ्यांदा सोपं गेलं. त्यांनी सगळं सांगितलं, बैठक, प्रमुखांची पाठ, वर झालेले हात, वळसे.

मातीसर उठले. चाचपत भिंतीपाशी गेले आणि त्यांनी बटण दाबलं. स्वतःला त्या बत्तीचा फारसा उपयोग नसल्याने ती त्यांनी कधी लावलीच नव्हती.

"मग असा अंधारात काय उभा राहतोस, लेका?" ते समोर येऊन म्हणाले. "मघाशी मी एवढंच म्हटलं, ही पावलं तीन वर्षांनी आली."

दोघं बसले. मातीसरांनी चिमूट बोटांत चोळायला घेतली.

"तुला एक सांगू? त्या दिवशी प्रमुख मोठ्याने हात मोजत होते. सहापर्यंत आले आणि थांबले. चांगले थांबले. मग म्हणाले, हां, सात, एकमत. मला कुणाचा चेहरा दिसत नव्हता, पण एक हात उशिरा वर गेला हे मी ऐकलं. पहिल्या सहांत सगळ्या खुर्च्या करकरल्या होत्या, एक तुझी राहिली होती. तीन वर्षं मी त्या उशिरावर काढली. म्हटलं, एकाला तरी जड गेलं."

सरांना वाटलं, गप्प बसावं. इतकं सुंदर कुणी आपल्याबद्दल समजत असेल तर समजू द्यावं. पण दुपारपासून खरं बोलायची चटक लागली होती.

"जड नव्हतं गेलं," ते म्हणाले. "बाकीच्यांचे हात बघत होतो. बघून मग माझा केला."

मातीसरांची बोटं थांबली. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि सरांना क्षणभर कळेना की हे रडणं आहे की हसणं. हसणंच होतं.

"म्हणजे जे तू केलंच नाहीस, त्याच्या जोरावर मी तुला माफ करून बसलो होतो!"

"आणि जे केलं त्याचं?"

"हात वर केलास त्याचं सोड. ऐकलंच नाहीस तर काय करणार. पण तीन वर्षं हा जिना उतरला नाहीस, त्याचं मला जड जाईल. बघू हळूहळू." त्यांनी डबा पुढे सरकवला. "ही कुठली, सांग."

सरांनी चिमूट चोळली, नेहमीप्रमाणे चुकीचं उत्तर दिलं आणि नेहमीप्रमाणे शिव्या खाल्ल्या.

पुढच्या महिन्यात बैठक भरली. प्रमुख खिडकीकडे तोंड करून बसले होते. मिशांबद्दल अर्जात एक अक्षर नव्हतं, पण त्या कातरलेल्या होत्या, आणि इतक्या वर्षांनी दिसलेला त्यांचा वरचा ओठ बघून सगळ्यांनाच थोडं अवघडल्यासारखं झालं. बत्त्या झाडून सगळ्या लागल्या होत्या. सरांच्या कानात मोज्यांच्या खणातलं नव्हे, नवं यंत्र होतं आणि समोर छोटा पडदा. मातीसर दाराजवळच्या खुर्चीत, मान तिरकी करून.

पडद्यावर शब्द उमटू लागले. मृदाशास्त्राचा विषय आणि प्रयोगशाळा मातीसरांकडे परत देण्यात यावी, वाचनासाठी साहाय्यक आणि अक्षरं मोठी करणारं यंत्र

सरांचा हात वर गेला. खुर्ची करकरली.

"अहो, वाक्य तर पुरं होऊ द्या," प्रमुख म्हणाले, आणि तेही पडद्यावर आलं.

"होऊ द्या की," सर म्हणाले. हात त्यांनी खाली घेतला नाही.

वाक्य पुरं झालं आणि बाकीचे हात एकेक करून वर आले. प्रमुख मोठ्याने मोजायला लागले. सरांनी पडद्याकडे बघितलंच नाही, ते दाराजवळच्या खुर्चीकडे बघत होते. मातीसर मिटल्या डोळ्यांनी मोजत होते. सात झाल्यावर त्यांचे ओठ हलले आणि सरांना लांबूनही ते लख्ख वाचता आले.

"या वेळी पहिला," ते म्हणाले.